साहेब, आपण नक्की किती अंशांवर आहात?

प्रति,
श्री. टेंपरेचर नॉब,
माजी मुख्य अधिकारी, २५ लिटर ओटीजी (कन्व्हेक्शन पंख्यासह),
सध्या मुक्काम : चमच्यांचा खण, डोंबिवली पूर्व.

विषय : '१८०' या आपल्या विधानातील तफावतीबाबत.

महोदय,

हे पत्र उघडं लिहिते आहे, कारण आपण जे काही केलंत ते काचेच्या दाराआड, आतला दिवा लावून, सगळ्या घरादेखत केलंत. मग खुलासा तरी झाकून कशाला मागायचा?

आधी माझी ओळख करून देते. आपण चार वर्षं माझ्याच हाताखाली होतात, पण कोण कोणाच्या हाताखाली आहे याबद्दल आपला थोडा गैरसमज दिसला. मी पतसंस्थांचे हिशेब तपासते. एकोणीस वर्षं झाली. बोगस पावत्या पाहिल्या, मेलेल्या माणसाच्या अंगठ्यावर मंजूर झालेली कर्जं पाहिली, 'हातातील रोख' म्हणून लिहिलेली आणि प्रत्यक्षात कोणाच्याच हातात नसलेली रोख पाहिली. ती सगळी माणसं प्रश्न विचारला की निदान घाम पुसायची. आपण मात्र २०० अंशांचा ताप चढलेला असतानाही चेहऱ्यावरची रेघ १८० वरून हलू दिली नाहीत. एवढा निगरगट्टपणा मी एकाही खजिनदारात पाहिलेला नाही.

आपलं आगमन २०२१ च्या दिवाळीतलं. नवऱ्याचा बोनस झाला आणि दुसऱ्या दिवशी खोका घरात आला. सासूबाईंनी विचारलं, "ह्यां काय?" मुलगा म्हणाला, "आजी, ओटीजी." त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि कुंकवाचा करंडा शोधायला उठल्या. कोणाची तरी ओटी भरायची आहे असं त्यांना वाटलं. सावंतवाडीकडच्या त्यांच्या घराला खरीखुरी ओटी आहे, बारा माणसांची पंगत बसेल एवढी. आमच्या वन रूम किचनला ओटी नाही, पडवी नाही, माजघर नाही. २९० चौरस फुटांचं चटईक्षेत्र आहे, त्यात चार माणसं आहेत, आणि त्या दिवसापासून ओटीजी आहे.

तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न खोका फोडल्यावर सुचला. (हे दर घरात असंच होतं, त्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही.) आमचा ओटा पाच फुटांचा, म्हणजे १५२ सेंटीमीटर. त्यात शेगडीचे ६२ गेले, सिंकचे ४६ गेले, शिल्लक ४४. आपल्या ओटीजीची रुंदी ४८. म्हणजे चार सेंटीमीटरची तूट, तीही पत्र्याला पत्रा लावून ठेवला तर. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की चारी बाजूंनी दहा-दहा सेंटीमीटर मोकळी जागा सोडा आणि वर काहीही ठेवू नका. चारी बाजूंनी मोकळी जागा! पुस्तिका लिहिणारा गृहस्थ डोंबिवलीत राहत नसावा. आमच्या घरात चारी बाजूंनी मोकळी जागा फक्त सीलिंग फॅनला आहे.

वॉशिंग मशीनवर ठेवून पाहिला. कपडे पिळायची वेळ आली तेव्हा आतली जाळी टाळ वाजवल्यासारखी वाजायला लागली. फ्रिजवर ठेवू म्हटलं, तर तापलेला ट्रे डोक्याच्या उंचीवरून खाली काढायचा होता, आणि माझी उंची पाच फूट एक इंच. शेवटी तो चिरंजीवांच्या अभ्यासाच्या टेबलावर गेला. मुलानं मुळीच विरोध केला नाही. बारा वर्षांचा मुलगा अभ्यासाच्या टेबलावरचा हक्क इतक्या आनंदानं सोडतो, यातच मला काहीतरी समजायला हवं होतं.

मग विजेचा प्रश्न. मोठ्या तीन पिनांचे पॉवर पॉइंट आमच्याकडे तीन आहेत. एक बाथरूममध्ये गिझरचा. एक बाहेरच्या खोलीत एसीचा, जमिनीपासून सात फुटांवर, आणि ओटीजीची वायर जेमतेम एक मीटरची. राहिला स्वयंपाकघरातला तिसरा, त्याच्यावर फ्रिज. आम्ही सुरुवातीला बाजारातून एक पांढरा कन्व्हर्टर आणून मिक्सरच्या साध्या पॉइंटवर काम भागवलं. तिसऱ्या दिवशी तो कन्व्हर्टर मऊ पडला आणि खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. वायरमन आला, त्यानं तो काळा पडलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, पंधराशे वॉटचं मशीन साडेसहा अँपिअर ओढतं. हा पॉइंट सहाचा. स्टेशनच्या रिक्षात चौथी सीट बसवतात ना, तसं आहे हे. जाते रिक्षा, पण जाते किती दिवस?"

तेव्हापासून टेबल स्वयंपाकघराच्या दारात सरकवायचं, फ्रिजची पिन काढायची, ओटीजीची लावायची, आणि भाजून झालं की उलट क्रमानं सगळं पूर्ववत करायचं, असा शिरस्ता पडला. दारात टेबल असेपर्यंत आतलं माणूस आत आणि बाहेरचं बाहेर. 'पूर्ववत' हा शेवटचा टप्पा आम्ही आजवर चार वेळा विसरलो. चारही वेळा सकाळी दूध नासलेलं होतं, आणि एकदा त्याच्यासोबत अर्धा किलो कोळंबी होती. हे नुकसान थेट आपल्या नावे टाकता येत नाही, पण मी ते 'आनुषंगिक' या सदरात दाखवलं आहे.

आता मूळ आक्षेपाकडे येते.

पहिला केक मुलाच्या वाढदिवसाचा होता. जिथे पाहावं तिथे एकच वाक्य : ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्या. मी आपल्याला १८० वर आणलं. आपण टकदिशी मान डोलावलीत. शेजारचा लाल दिवा लागला. मला वाटलं, दिवा विझला की ओव्हन तापला, गिझरचं असतं तसं. मी पीठ भांड्यात ओतून, भांडं हातात धरून उभी राहिले. वीस मिनिटांनी टिंग झालं, दिवा विझला, मी विजयी मुद्रेनं केक आत सारला. दिवा विझला होता तो टायमर संपला म्हणून. ओव्हन बंद झाला होता. अर्ध्या तासानं दार उघडलं तर आत कोमट पाण्यानं आंघोळ केल्यासारखं पीठ होतं. घाईघाईनं पुन्हा सुरू केला, दोन्ही रॉड लालभडक झाले, आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत वर डांबरी रस्ता आणि आत शिरा, असा दुमजली पदार्थ तयार झाला. मेणबत्ती त्यात उभी राहिली हे मान्य करते. वरच्या थरात ती ठोकावी लागली.

दिव्याचा दोष दिव्याचा आहे, मी त्याचा आपल्यावर आळ घेत नाही. पण त्यानंतरचे केक? मी दिव्याकडे ढुंकूनही न पाहता, घड्याळ लावून, पंधरा मिनिटं आधी तापवून केलेले? तेही वरून काळे. २५ लिटरच्या पोटात आठ इंची भांडं ठेवलं की केक फुगून वरच्या रॉडच्या इतका जवळ जातो की दोघांत दोन बोटांचं अंतर राहतं. वर फॉइलची टोपी घालायची युक्ती मला नंतर कळली. पण खरी गंमत अशी की त्याच १८० वर नानकटाई टाकली तर ती पांढरी राहायची, पातळ व्हायची, आणि सोळा नानकटायांची मिळून एक नानकटाई व्हायची. ट्रेच्या आकाराची. आम्ही ती सुरीनं कापून डब्यात भरली.

हे १८० तरी आलं कुठून, हे मी शोधलं, कारण मूळ व्हाउचर पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. पाककृतींच्या जगात राज्य आहे ते अमेरिकन पुस्तकांतल्या ३५० फॅरनहाइटचं. त्याचं सेल्सिअस केलं तर १७७ येतात. सोयीसाठी कोणीतरी ते १८० केले आणि सगळ्या जगानं पुढे तेच गिरवलं. म्हणजे आकडा मुळातच पूर्णांकात केलेला. त्यावर पंख्याची भानगड. पाठीमागचा तो कन्व्हेक्शनचा पंखा गरम हवा फिरवतो, पदार्थाभोवती चिकटून असलेला थंड हवेचा थर उडवून लावतो, त्यामुळे पंखा चालू असेल तर १५ ते २० अंश कमी ठेवायचे असतात. पाककृती लिहिणारा सांगतो का की त्याचे १८० पंख्यासह की पंख्याविना? नाही सांगत. 'कर अंतर्भूत की कर वगळून' हे न लिहिता बिल फाडणारा दुकानदार आणि हा, दोघे सख्खे भाऊ.

तेव्हा महोदय, साखळीत बरेच जण आहेत. पण शेवटची सही आपली आहे.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. लोक थंडीत खोली उबदार करायला दीड हजार वॉटचा हीटर लावतात. आम्ही तो मे महिन्यात लावला आणि त्याच्या पोटात बिस्किटं ठेवली. बाहेरच्या खोलीत पलंग, कपाट, टीव्ही, देव्हारा आणि दोरीवरचे न वाळलेले कपडे. त्या सगळ्यांनी मिळून आपली ऊब घेतली. सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या की भट्टीत आता फक्त मडकी ठेवायची राहिली आहेत. वीज तासाला फार तर दीड युनिट, आणि आपण अधूनमधून विश्रांती घेता म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. पण महिन्याचे शंभर युनिट ओलांडले की महावितरणचा दर पुढच्या पायरीवर जातो, आणि आमचे पूर्वी ब्याण्णव व्हायचे.

वासाचं मात्र सांगितलंच पाहिजे. एका रविवारी मी आपल्या भरवशावर मसाला लावलेले बांगडे आत ठेवले. तळणाचा धूर नको, तेल नको, म्हणून. २०० वर पंचवीस मिनिटं, असं ठरलं होतं. पंधराव्या मिनिटाला शेपट्या पेटल्यासारख्या दिसल्या. पुढचे पाच दिवस आम्ही बांगड्यांच्या उशांवर झोपलो. घरात दार बंद करून वास कोंडून ठेवावा असं एकच दार आहे, ते बाथरूमचं. पुढच्या शनिवारी भाचीच्या साखरपुड्यासाठी व्हॅनिला केक केला, आणि व्याह्यांनी पहिला घास घेऊन विचारलं, "यात काही वेगळं घातलंय का?" अरे मेल्या, तुला २०० म्हणजे किती हे ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं होतंस! लाज कशी वाटली नाही तुला...

माफ करा. एकेरीवर आले. पत्र कार्यालयीन आहे.

त्या साखरपुड्यानंतर मी रीतसर तपासणी लावली. चारशे रुपयांत ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर मिळतो. तो आणला, मधल्या जाळीवर ठेवला, वही घेतली, आणि एक अख्खी दुपार स्टुलावर बसून दर दोन मिनिटांनी काचेतून नोंदी केल्या. घरातल्या लोकांना मी काहीतरी व्रत करते आहे असं वाटलं असावं, कारण कोणी हाक मारली नाही.

निष्कर्ष असे. आपण १५० वर असताना आत १३० च्या वर काटा कधी गेलाच नाही. आपण २०० वर असताना तो २३५ ला शिवून आला. आणि १८० वर? १५८ पासून २०४ पर्यंत खाली-वर, खाली-वर. मी उत्सुकतेनं सरासरी काढली. १८१ आली.

वाहवा! कागदोपत्री आपण निर्दोष. वर्षभर पेटी रिकामी ठेवून ३१ मार्चच्या दुपारी रक्कम आणून ठेवणारा खजिनदारही कागदोपत्री निर्दोषच असतो.

आपली बाजू मी वाचली आहे, कारण एकतर्फी अहवाल देणं माझ्या पेशात बसत नाही. आपल्या मागे दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि विजेची जोडणी तुटते. थंड झाली की सरळ होते आणि जोडणी पुन्हा लागते. ती 'टक' ऐकू येते ती हीच. आपण फिरता तेव्हा पट्टी किती वाकल्यावर तुटायचं एवढंच ठरतं. म्हणजे आपल्याला तापमान माहीत नसतंच! आपल्याला माहीत असतो तो आपल्या खोलीतला ताप. आणि आपली खोली म्हणजे ओव्हनच्या भिंतीपलीकडची बटणांची अडगळ. आत केकवर काय गुदरलं आहे याची बातमी आपल्याला उशिरा येते, तोपर्यंत लाल झालेले रॉड बंद केले तरी आणखी थोडा वेळ ओकत राहतात. मुख्यालयात बसून तालुक्याचा अहवाल लिहिणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ते निदान 'अंदाजे' असा शब्द घालतात.

थर्मामीटरही खोटा असू शकतो, म्हणून दुसरा साक्षीदार बोलावला : साखर. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घातली आणि आपल्याला १८० वर ठेवलं. खरे १८० असते तर साखरेनं पंधरा मिनिटं शहाण्यासारखं बसायला हवं होतं. दहाव्या मिनिटाला कडा पाघळल्या, मग मधोमध सोनेरी डबकं झालं. मुलानं ते थंड झाल्यावर कडकड चावून पुरावा नष्ट केला. तरीही नोंद आहे.

तिसरी चाचणी सगळ्यांत बोलकी. जाळीवर पावाचे सहा स्लाइस मांडले, दोन ओळींत तीन-तीन, पंखा बंद, आणि सात मिनिटांनी काढून त्याच क्रमानं ओट्यावर ठेवले. मागच्या ओळीतला उजवा कोळसा. त्याच्या शेजारचा तपकिरी. मागचा डावा गव्हाळ. पुढच्या ओळीत उजवीकडे पिवळसर झाक, मध्ये तीही नाही, आणि डाव्या कोपऱ्यातला स्लाइस बेकरीतून आला तसाच, फक्त थोडा घाबरलेला. एका हातरुमालाएवढ्या जागेत सहा ऋतू! मग पंखा लावून नवे सहा ठेवले. हे बरेच एकसारखे आले, पंख्यासमोरचा एक सोडला तर. पंख्याबद्दल मी वर दोन वाकडे शब्द लिहिले, ते मागे घेत नाही, पण एवढं श्रेय त्याला देते. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणतीही गोष्ट अर्ध्या वेळेनंतर १८० अंशांतून फिरवली जाते. ट्रेची मागची बाजू पुढे. हे १८० अंश मात्र तंतोतंत असतात, कारण ते मी फिरवते.

माझं माहेर लालबागचं. आमच्या चाळीत ओव्हन कोणाकडेच नव्हता आणि नानकटाई सगळ्यांकडे होती. दिवाळीच्या आधी पीठ मळून, गोळे थापून, पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बाया कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या. पावाचा घाणा निघाला की उतरत्या भट्टीत ट्रे लागायचे, किलोमागे भाजणावळ द्यायची. ट्रे बदलू नयेत म्हणून आई पहिल्या नानकटाईवर लवंग खोचायची, शेजारच्या काकू दोन चारोळ्या लावायच्या. भट्टीला नॉब नव्हता. भट्टीवाला चिमूटभर मैदा आत भिरकावायचा, तो किती वेळात कोणत्या रंगाचा होतो ते बघायचा, आणि 'अजून पाच मिनिटं' एवढंच म्हणायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. मला तो जादूगार वाटायचा. चोवीस ट्रेंमधला एक करपलेला मला आठवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्या शहराची हवा मी लहानपणी खाल्ली आहे, त्यामुळे निर्णयाविरुद्ध माझी तक्रार नाही. फक्त त्या जादूगाराच्या जागी उद्या आपला कोणी चुलत भाऊ बसणार या कल्पनेनं जरा कसंसं होतं.

नॉबशिवाय भाजण्यावरून आठवलं ते धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक.

गेल्या श्रावणात गावाहून कोणीतरी दोन मोठी तवशी, म्हणजे काकड्या, आणून दिली, हाताच्या कोपरापर्यंत लांब. सासूबाईंनी जाडा रवा भाजला, तवसं किसलं, गूळ, ओलं खोबरं, वेलची, काजू, सगळं कालवलं आणि मग हात पुसत माझ्याकडे बघितलं. गावी धोंडस होतं ते वर-खाली विस्तव घालून. चुलीत मंद निखारे, पातेल्यावर झाकण, झाकणावर पुन्हा निखारे. डोंबिवलीत निखारे कुठले? मी आपल्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी आपल्याला नीट पाहिलं. मग विचारलं, "वरचो विस्तव खंयचो आणि खालचो खंयचो?" मी आपल्या शेजारचा नॉब दाखवला, त्याच्यावर वरचा रॉड, खालचा रॉड, दोन्ही, पंखा अशी चित्रं आहेत. चार वर्षांत एवढा सरळ प्रश्न मी त्या यंत्राला विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "पंखो बंद कर गो. वरसून करपात आणि आतसून कच्चां ऱ्हवात." पंखा बंद केला. आधी फक्त खालचा रॉड. आपण १६० म्हणत होतात. सासूबाईंनी चष्मा काढला, दार उघडलं, तळहात आत धरला आणि मनातल्या मनात मोजायला लागल्या. आठपर्यंत गेल्यावर हात काढला. "उणो आसा." मी थर्मामीटर पाहिला. १४५. मी आपल्याला थोडं पुढे सरकवलं. पाच मिनिटांनी पुन्हा हात, या वेळी सहाला बाहेर आला. "आता ठेव." थर्मामीटर १६५.

मी त्यांना विचारलं की सहा म्हणजे काय. त्यांनी असं पाहिलं की जणू मी विचारलं, भूक म्हणजे काय. पाऊण तास खालचा रॉड, शेवटची दहा मिनिटं वरचा. घरभर गूळ आणि वेलचीचा वास, आणि एकदा तरी उशांना बरा वास लागला. वरून तांबूस, आत ओलसर, सुरी घातली तर स्वच्छ बाहेर. शेजारच्या चार घरांत वाट्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी नखांना लावायचं लाल पॉलिश घेतलं आणि आपल्याभोवतीच्या पत्र्यावर खुणा केल्या. जिथे खरे १६५ मिळतात तिथे एक ठिपका, त्याचं नाव 'सहा'. जिथे नानकटाई जमते तिथे दुसरा, त्याचं नाव 'लवंग'. बांगड्यांसाठी ठिपका दिलेला नाही; तो विषय कायमचा बंद आहे. आपले छापील आकडे मी खोडले नाहीत. निलंबित अधिकाऱ्याची पाटी दारावर राहू देतात, तसे राहू दिले.

त्यानंतर आपण रुसलात असं दिसतं. फिरवलं की आपण फिरायचात, पण आतली दांडी जागच्या जागी. म्हणजे १०० वर काय नि २५० वर काय, आत एकच. गेल्या मंगळवारी मुलगा पिझ्झा ठेवायला गेला आणि आपण सरळ त्याच्या हातात आलात. त्यानं आपल्याला उलटं करून आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "आई, ह्याच्या आत काहीच नाहीये." आतली प्लॅस्टिकची खाच झिजून गुळगुळीत झाली होती. तेव्हापासून आपण चमच्यांच्या खणात, लिंबू पिळायच्या यंत्राशेजारी आहात, आणि आपला कारभार प्लॅस्टिकच्या मुठीची पक्कड पाहते आहे. (पक्कड चालवू नये हे मला माहीत आहे. वायरमनला सांगून झालं आहे. चार दिवसांचा प्रश्न आहे.) पकडीवर एकही आकडा नाही. या चार दिवसांत दोन वेळा पाव, एकदा भाज्या आणि एक केक झाला, आणि चिरंजीवांना अभ्यासाच्या टेबलाची आठवण अजून झालेली नाही.

तरी वरील तफावतीबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांत यावा. न आल्यास आपणांस काही म्हणायचं नाही असं समजून अहवाल अंतिम करण्यात येईल.

आपली,
हिशेबतपासनीस
(ओव्हन असलेल्या खोलीतून)

ता. क. : आपल्या जागी येणारा नवा नॉब आजच कुरिअरनं आला. काळा, चकचकीत, आकडे पांढरे आणि ठळक, १८० वर तर खास वेगळी रेघ. सासूबाईंनी तो उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिला आणि मला परत देताना विचारलं, "ह्यो तरी खरां बोलात मां?" पॉलिशची बाटली मी टेबलावरच ठेवली आहे.